इंजिन बदला, गाडी नको

डॉज कंपनीने २०२३ च्या अखेरीस व्ही-८ इंजिनाच्या चॅलेंजर आणि चार्जर बनवणे थांबवले, आणि शेव्हरोलेच्या कॅमॅरोचे २०२४ चे मॉडेल शेवटचे ठरले. बेताच्या आकाराच्या बॉडीत अवाढव्य इंजिन बसवलेल्या, अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांचा कारखान्यातला ओघ असा आटत असताना १९६४ ते १९७२ या वर्षांतल्या मूळ गाड्यांची तिथली हौस मात्र टिकून आहे. अडचण एवढीच की त्यातल्या पुष्कळ गाड्यांत जन्माचे इंजिन उरलेले नाही. त्या काळी या गाड्या घेणारी पोरे बहुतेक विशी-पंचविशीतली. शनिवारी रात्री शर्यत आणि सोमवारी तीच गाडी घेऊन कामावर, असा त्यांचा वापर. कुणाचे इंजिन शर्यतीत फुटले, कुणाचे कंपनीने वॉरंटीत बदलून दिले, कुणी १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल पिणारा राक्षस काढून लहान इंजिन टाकले. आज अशी गाडी हाती आलेल्या मालकापुढे कॅटलॉग उघडे पडलेले असतात: खोक्यात बंद होऊन घरपोच येणारी कोरी इंजिने, भंगारातल्या ट्रकमधून उतरवलेली इंजिने, आता तर इलेक्ट्रिक मोटारसुद्धा. निवडायचे काय? बहुतेक जण हा प्रश्न हॉर्सपॉवरचा समजतात. माझ्या मते हॉर्सपॉवर हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे. पहिला प्रश्न असा की नवे इंजिन बसवताना गाडी कापावी लागणार आहे का, म्हणजेच उद्या विचार बदलला तर मागे फिरता येईल का. ही कसोटी लावली की गाडीच्या मूळ घराण्यातले इंजिन बहुतेक वेळा सरस ठरते. त्यात जुन्याच्या प्रेमाचा भाग थोडा आहे, हिशेबाचा जास्त.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. ही जात जन्मालाच आली ती इंजिनांच्या अदलाबदलीतून. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही असा दंडक घातला होता. पाँटिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या मॉडेलसाठी पळवाट काढली. टेम्पेस्ट लमाँ या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन दिले, पण वेगळे मॉडेल म्हणून नव्हे, तर जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून. तीच जीटीओ. तीन वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे शेव्हरोले विक्रेते डॉन येन्को नव्याकोऱ्या कॅमॅरोतले ३९६ घनइंचांचे इंजिन उतरवून तिथे कॉर्व्हेटचे ४२७ चढवून विकू लागले, कारण कंपनी स्वतः ४०० च्या वर जायला तयार नव्हती. १९६९ मध्ये हेच काम कंपनीच्या खास ऑर्डरीतून कारखान्यात होऊ लागले, आणि संपूर्ण ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या झेडएल१ कॅमॅरो त्या वर्षी फक्त ६९ बनल्या. तेव्हा इंजिन बदलणे म्हणजे इतिहासाशी गद्दारी, हा युक्तिवाद निदान या गाड्यांपुरता लंगडा आहे. पण येन्को यांनी केले काय ते नीट पाहिले पाहिजे. ३९६ आणि ४२७ ही एकाच घराण्यातली भावंडे. माउंटिंग तेच, गिअरबॉक्सची जोडणी तीच, बाहेरची मापे तीच. त्या अदलाबदलीसाठी गाडी कापावी लागत नव्हती, आणि अनुभवी मेकॅनिकला पुन्हा ३९६ बसवायचे म्हटले असते तर तेही करता आले असते. नंतर आलेल्या बऱ्याच हौशी प्रकल्पांत येन्कोंचे नाव घेतले जाते, ही खुबी मात्र विसरली जाते.

घराण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर त्या काळच्या अमेरिकन कारखानदारीत आहे. जनरल मोटर्स ही एक कंपनी असली तरी शेव्हरोले, पाँटिॲक, ओल्ड्समोबाइल आणि ब्युइक या विभागांची व्ही-८ इंजिने पूर्णपणे वेगवेगळी होती. एकाचे हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर बसत नसे. १९६७ ची कॅमॅरो आणि पाँटिॲक फायरबर्ड शेजारी उभ्या केल्या तर बॉडी जवळपास एकच दिसते. नाक वेगळे, मागचे दिवे वेगळे. खरा फरक बॉनेट उघडल्यावर कळतो, आणि त्याहून जास्त गाडी चालवताना. कॅमॅरो झेड-२८ चे ३०२ घनइंचांचे इंजिन चार इंच बोअर आणि तीन इंच स्ट्रोकचे, पाच लिटरच्या मर्यादेच्या शर्यतीसाठी बेतलेले; ते वरच्या फेऱ्यांत जागे होते. फायरबर्डचे ४०० घनइंचांचे पाँटिॲक इंजिन पावणेचार इंच स्ट्रोकचे. ते खालच्याच फेऱ्यांत गाडी ओढायला लागते. पत्रा तोच, स्वभाव निराळा. गिऱ्हाइकालाही हे चांगले कळत होते, याचा पुरावा १९७७ साली मिळाला. त्या वर्षी ओल्ड्समोबाइलच्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या लौकिकावर गाडी घेतलेल्या अनेकांना बॉनेटखाली शेव्हरोलेचे इंजिन सापडले. दोन्ही ३५० घनइंचांची, कागदावर फारसा फरक नाही. तरीही इलिनॉय राज्याचे ॲटर्नी जनरल कोर्टात गेले, इतर राज्ये त्यात उतरली, आणि जनरल मोटर्सला तडजोडीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे २०० डॉलर आणि इंजिन-गिअरबॉक्सचा जादा विमा ठेवावा लागला. त्यानंतर कंपनी जाहिरातीत तळटीप टाकू लागली की आमची इंजिने वेगवेगळ्या विभागांत तयार होतात. ज्यांना इंजिन म्हणजे निव्वळ ताकद निर्माण करणारा ठोकळा वाटतो, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आता ताकदीच्या आकड्यांकडे वळू, कारण निवडीतला सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जाहीर करत ती ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर: इंजिन स्टँडवर बांधलेले, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचे ओझे नाही. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, म्हणजे इंजिन गाडीत बसते तसे सगळे लवाजमे जोडून मोजलेले. १९७१ या एका वर्षी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले, म्हणून तुलना करता येते. शेव्हरोलेच्याच शेव्हेल गाडीतले ४५४ घनइंचांचे एलएस५ इंजिन ग्रॉस मापात ३६५, नेट मापात २८५. कॅमॅरोचे ३५० घनइंचांचे एल४८ इंजिन ग्रॉस २७०, नेट २१०. इंजिन तेच, फक्त मोजायची रीत बदलली. आता विचार करा. १९६९ च्या कॅमॅरोचे ३५० कागदावर ३०० हॉर्सपॉवरचे होते, आणि आज तिच्यासाठी सर्रास सुचवले जाणारे एलएस३ हे कॉर्व्हेटचे इंजिन ४३० चे. मालक वजाबाकी करतो आणि म्हणतो, १३० ची वाढ, एवढे तर गाडी सोसेल. पण ३०० हा ग्रॉस आकडा आहे आणि ४३० हा नेट. एकाच मापाने मोजले तर वाढ २०० च्या आसपास जाते. ज्या शेव्हेल एलएस६ चे ४५० हॉर्सपॉवर १९७० साली दंतकथा झाले होते, त्यापेक्षाही हे नवे इंजिन प्रत्यक्षात जोरकस आहे. साध्या कॅमॅरोच्या बाकीच्या सांगाड्याला कुणी विचारलेच नाही की तुला हे झेपेल का.

त्या सांगाड्याची अवस्था पाहा. साध्या कॅमॅरोला चारही चाकांना ड्रम ब्रेक येत. पुढच्या चाकांना डिस्क हव्या तर बहुधा जादा पैसे पडत. वेग ताशी १०० वरून १४० किलोमीटर झाला की थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि तापलेला ड्रम दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला हात टेकतो. मागचा डिफरन्शियल साध्या गाड्यांत हलक्या घडणीचा. जोरकस मॉडेलांना कंपनी स्वतःच जाड घडणीचा देत असे. पुढची अर्धी चेसिस रबरी बुशांवर बोल्टने जोडलेली, आणि ती रबरे पन्नास वर्षांची. रेडिएटर जुन्या इंजिनाच्या उष्णतेला पुरेल एवढाच. आणि गिअरबॉक्स? तिथे खरी गंमत आहे. त्या काळच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये शेवटचा गिअर सरळ एकास एक. मागे ३.७३ चा डिफरन्शियल असेल तर ताशी ११० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३,३०० च्या आसपास फेरे घेते. हायवेवर दोन तास असे चालवले की कान किटतात आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. लोक दोष जुन्या इंजिनाला देतात. त्याच इंजिनामागे ०.६८ चा ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा बॉक्स लावला तर त्याच वेगाला फेरे २,२५० पर्यंत खाली येतात. ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स हा बॉक्स तर जुन्या गाड्यांच्या बोगद्यात कापाकापी न करता बसावा म्हणूनच बेतलेला आहे. म्हणजे नव्या इंजिनाकडून ज्या सुखाची अपेक्षा असते, त्यातले निम्मे सुख गिअरबॉक्स देतो, आणि उरलेल्यातले बरेचसे ब्रेक.

एलएस इंजिनांची बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती कमकुवत नाही. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये आलेले एलएस१ आणि पुढची त्याची पिल्ले ही अमेरिकन इंजिनिअरिंगची उत्तम कामगिरी आहे. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमुळे जुन्या लोखंडी ३५० पेक्षा वजन ५० किलोंहून अधिक कमी भरते, आणि तेही नेमके पुढच्या चाकांवरचे. थंडीत एका किल्लीला सुरू होते, अव्हरेज चांगले देते, धूर कमी ओकते. १९९९ पासून त्याच घडणीची लोखंडी ब्लॉकची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिने कंपनीच्या ट्रकांत लाखोंनी गेली, त्यामुळे भंगारवाल्याकडे ती सहज मिळतात आणि सुटे भाग कुठल्याही गावात. ‘सगळ्यांच्याच गाडीत एलएस असते, त्यात काय विशेष’ असे नाक मुरडणारे जुने हौशी तिथे भेटतात. तो युक्तिवाद नव्हे, नुसता तोरा आहे. पन्नास-साठच्या दशकांत शेव्हरोलेचे स्मॉल-ब्लॉक हेच इंजिन प्रत्येकाच्या हॉट रॉडमध्ये जात होते आणि तेव्हाही असेच नाक मुरडले जात होते. रोज कामावर नेण्यासाठी जुनी गाडी हवी असेल, तर एलएस बसवणारा मालक मूर्ख नाही.

पण त्याचा हिशेब अनेकदा अर्धवट असतो. खोक्यावरची किंमत ही फक्त सुरुवात. जुन्या कार्बोरेटरला पाच ते सात पौंडांच्या दाबाने पेट्रोल पुरते. एलएसच्या इंजेक्शनला ५८ पौंड लागतात. म्हणजे टाकीत नवा पंप, बहुधा नवी टाकीच, नवे पाइप. ऑइल पॅन पुढच्या आडव्या तुळईला घासतो, तेव्हा तो वेगळा. माउंटिंगच्या पट्ट्या वेगळ्या, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळे, प्रोपेलर शाफ्ट पुन्हा मापाचा, कॉम्प्युटर आणि त्याचे वायरिंग वेगळे, अल्टरनेटर-स्टिअरिंग पंपाच्या कंसांची जागा बदलायची. भंगारातून स्वस्तात उचललेल्या ट्रकच्या इंजिनाला तर हे सगळे जोडता जोडता चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. डॉजच्या समूहातल्या मोपार विभागाने २०१७ मध्ये ७०७ हॉर्सपॉवरचे हेलकॅट इंजिन खोक्यात घालून सुमारे १९,५०० डॉलरला विकायला काढले तेव्हाही वायरिंग आणि कंट्रोलचा संच वेगळा घ्यायचा होता. पैशांपेक्षा वाईट गोष्ट पत्र्याची. फोर्डच्या १९६५ च्या मस्टँगमध्ये आजचे ‘कायोटी’ इंजिन बसवायचे म्हटले तर दोन्ही बाजूंचे शॉकॲब्सॉर्बरचे मनोरे आड येतात, कारण चार कॅमशाफ्टांमुळे त्याची हेड फार रुंद आहेत. मनोरे कापावे लागतात, पुढचे सस्पेन्शन सगळे नवे करावे लागते. तिथून पुढे ती गाडी पुन्हा १९६५ ची होणे नाही. उलट फोर्डने मूळ मस्टँगच्याच जुन्या घराण्याचे ५.० लिटरचे इंजिन पुढेही चालू ठेवले आणि २००१ पर्यंत एक्सप्लोरर गाडीत दिले. रोलर कॅम, चांगली हेड, आणि जुन्या मस्टँगच्या मूळ माउंटिंगवर बसण्याजोगे. पाँटिॲकवाल्यांची तर चैनच आहे. साठच्या दशकातल्या ३२६ पासून ४५५ घनइंचांपर्यंतची त्यांची इंजिने बाहेरून जवळपास एकाच मापाची. ३२६ च्या जागी ४५५ बसवले तर बॉनेट उघडून पाहणाऱ्या शेजाऱ्यालाही कळणार नाही. ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला लगेच कळेल.

‘मूळ इंजिन’ म्हणजे नेमके काय, हेही इथे जवळून पाहायला हवे, कारण पैशांचा मोठा खेळ तिथेच चालतो. शेव्हरोलेच्या व्ही-८ च्या उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या तोंडाशी एक लहानशी सपाट पट्टी असते. १९६९ च्या गाड्यांत ती अल्टरनेटरच्या आड जाते, टॉर्च घेऊन वाकून पाहावी लागते. त्यावर ठोकलेली अक्षरे सांगतात की इंजिन फ्लिंटला जोडले की टोनावांडाला, कोणत्या तारखेला, आणि कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी. तिथेच, किंवा ऑइल फिल्टरपाशी, गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. ब्लॉक ओतल्याची तारीख मागच्या कडेला वेगळी उठवलेली: महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी, १२, ९ म्हणजे १२ मार्च १९६९. हे सगळे जुळले की गाडी ‘मॅचिंग नंबर्स’, आणि त्या दोन शब्दांनी लिलावात किंमत कुठल्या कुठे जाते. १९७१ च्या हेमी इंजिनाच्या प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल मोजून ११ बनल्या होत्या, त्यातली एक २०१४ मध्ये सिॲटलला ३५ लाख डॉलरला गेली. एवढा मोह समोर असल्यावर खोटे आकडे ठोकणारे निपजणारच. जाणकार मात्र आकडे पाहत नाहीत, आकड्यांखालचा पृष्ठभाग पाहतात. कारखान्यात ब्लॉक घासणाऱ्या यंत्राचे बारीक समांतर ओरखडे त्या पट्टीवर असतात. ते घासून काढून नवे आकडे मारले की लबाडी उघडी पडते. दुःखाची गोष्ट अशी की हेच ओरखडे प्रामाणिक मेकॅनिकही नष्ट करतो: इंजिनचे काम काढताना ब्लॉकचा वरचा भाग सपाट करायला मशीनवर धरतो आणि पट्टीसकट घासून देतो. म्हणून ज्याच्याकडे जन्माचा ब्लॉक आहे, मग तो तडकलेला का असेना, त्याने तो विकू नये, घासायला देऊ नये. लायनर घालून, तडा शिवून पुष्कळ ब्लॉक वाचतात. तोवर गाडीत त्याच घराण्यातले दुसरे इंजिन चालवावे आणि मूळ कोपऱ्यात जपून ठेवावे. आणि ज्याच्याकडे तो नाहीच, त्याने नाही असे सांगून गाडी विकावी.

घराण्यातले जुने इंजिन घ्या म्हटले की तीन आक्षेप येतात. पहिला, जुनी इंजिने शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली; शिसे गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. खरे आहे, पण हेडचे काम काढताना कठीण धातूच्या बैठका बसवल्या की हा विषय कायमचा संपतो. दुसरा, आजच्या इंजिन ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरसचे प्रमाण कमी केल्यामुळे जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्ट लवकर खराब होतात. हेही खरे, आणि म्हणूनच नव्याने बांधताना रोलर कॅम टाकावी; थोडे महाग पडते, पण कॅम गेल्यावर लोखंडाचा चुरा सगळ्या इंजिनात फिरतो तो खर्च वाचतो. तिसरा आक्षेप गंभीर आहे: धूर. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर-तपासणीतून सूट आहे, म्हणजे कायदा मालकाला काही विचारत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली कार्बोरेटरची गाडी दर किलोमीटरला आजच्या गाडीच्या कितीतरी पट घाण हवेत सोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. या बाबतीत एलएस उजवे आहे. पण चार तोंडांच्या कार्बोरेटरच्या जागी त्याच चार बोल्टांवर बसणारी इंजेक्शनची युनिटे आता मिळतात. एक्झॉस्टमधल्या सेन्सरवरून ती मिश्रण आपोआप जुळवतात. सोबत कन्व्हर्टर लावला तर जुन्या लोखंडी इंजिनाचा धूर पुष्कळ आवरता येतो, आणि कार्बोरेटर डब्यात ठेवून पुन्हा कधीही लावता येतो. ज्यांना सूट मिळाली आहे त्यांनी ती पूर्ण वापरलीच पाहिजे असे काही नाही.

इलेक्ट्रिक पर्यायाबद्दल थोडक्यात. फोर्डने २०२१ मध्ये मस्टँग माक-ई जीटीची २८१ हॉर्सपॉवरची मोटार ३,९०० डॉलरला सुटी विकायला काढली आणि मोठा गाजावाजा झाला. त्या किमतीत बॅटरी नव्हती, इन्व्हर्टर नव्हता, कंट्रोलर नव्हता. बॅटरी बसवायला बहुधा डिकी आणि जमीन कापावी लागते. भविष्यात मूळ चौकटीत नीट बसणारे संच येतील तेव्हा या पर्यायाचा विचार जरूर करावा, माझा तत्त्वतः विरोध नाही. पण ज्या गाडीचे अख्खे व्यक्तिमत्त्व इंजिनाने ठरले, तिच्यात मोटार टाकून उरते ती आकृती. नुसती आकृतीच हवी असेल तर बाजारात नव्या पत्र्याच्या प्रतिकृती मिळतात. मूळ गाडी कशाला खर्ची घालावी?

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही. डेट्रॉइटच्या वाहन-उद्योगात मराठी इंजिनिअर पुष्कळ आहेत, आणि अमेरिकन गाड्यांशी मुंबईचे नाते त्याहून जुने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जुळल्या. पुढे आयातीवरचे निर्बंध, सुट्या भागांची टंचाई आणि पेट्रोलचा खर्च यांमुळे कित्येक जुन्या जीपगाड्यांत आणि अमेरिकन मोटारींत डिझेल इंजिने शिरली. गरज होती, कुणाला नावे ठेवायचे कारण नाही. पण त्यापायी मूळ इंजिने भंगारात गेली आणि आज ती शोधूनही सापडत नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये. रोजच्या वापराला बंदी. आणि अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू चांगला आहे. तरी मला ही अट एका बाजूला जास्त झुकलेली वाटते. त्याच कंपनीचे, त्याच पिढीचे इंजिन मूळ जागी बसवणे आणि चेसिस कापून परके इंजिन घुसवणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. अमेरिकेत जुन्या गाडीच्या मालकाला जवळपास पूर्ण मोकळीक, आपल्याकडे जवळपास पूर्ण बंदी. परत फिरता येण्याजोगा बदल कोणता, हे नेमके कुठेच विचारले जात नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना: गाडी माझी, पैसे माझे, तुम्ही कोण? कायद्याने हे बरोबर आहे, आणि सहा सिलिंडरांची साधी कॅमॅरो, जिच्यात कधी व्ही-८ नव्हतेच, तिच्या मालकाला मी अडवणार नाही. १९६९ च्या मॉडेलच्या कॅमॅरो दोन लाखांवर बनल्या. त्यातल्या एका साध्या गाडीत एलएस गेल्याने इतिहास बुडत नाही. तिथेही करवत चालवू नये एवढेच म्हणणे. बोल्टने बसणारी माउंटिंग-पट्टी मिळते, ती घ्यावी. मात्र गाडी जितकी दुर्मीळ तितके हे स्वातंत्र्य आपोआप आखडते. झेड-२८ किंवा एसएस या जोरकस मॉडेलांच्या कागदपत्रांसकट आलेल्या गाडीचे पत्रे कापणारा फक्त स्वतःचे पैसे उधळत नाही, पुढच्या मालकाचा पर्यायही संपवतो. आणि इंजिन हरवलेल्या, ३५० घालून कारखान्यातून निघालेल्या कॅमॅरोबद्दल मला कुणी विचारले, तर उत्तर ठरलेले आहे: त्याच पिढीचा ३५० चा ब्लॉक, रोलर कॅम, कठीण बैठकांची हेड, पाच गिअरचा बॉक्स, पुढे डिस्क ब्रेक. पट्टीवर एकही आकडा ठोकू नका. आणि पैसे कमी पडत असतील तर इंजिन पुढच्या वर्षी बांधा, ब्रेक आधी करून घ्या.